गारुड्याचे रिंगण, जत्रेतला तंबू आणि जादूगाराचा रंगमंच

खानदेशात जादूचे खेळ तीन ठिकाणी होत आले: बाजाराच्या गावी गारुड्याच्या रिंगणात, जत्रेतल्या तंबूत आणि शहरातल्या नाट्यगृहात. हातचलाखी तिन्हीकडे एकाच कुळातली. तिकीट, नाव आणि मान मात्र नाट्यगृहातल्या जादूगाराच्याच वाट्याला आला.

गारुड्याचा खेळ यांत सर्वांत जुना. एकनाथांच्या भारुडांत गारुडी येतो, म्हणजे सोळाव्या शतकातल्या श्रोत्यांना तो चांगला ओळखीचा होता. पुंगी, डमरू, दोन-तीन टोपल्या, खांद्याला झोळी आणि उलटसुलट उत्तरे देणारा एक चुणचुणीत पोरगा, एवढाच त्याचा संसार. रंगमंचावरच्या जादूगाराच्या पाठीशी पडदा असतो, दोन्ही बाजूंना विंगा असतात, प्रकाशही त्याच्या हुकमात असतो. गारुड्याला भर उन्हात, चहूबाजूंनी माणसे खेटून उभी असताना खेळ करावा लागतो. कसबाच्या मापाने पाहिले तर त्याचे काम अधिक अवघड आहे.

आंब्याचा खेळ हे त्याचे उत्तम उदाहरण. गारुडी कोय मातीत पुरतो, वर फडके टाकतो, पाणी शिंपडतो. फडके उचलले की कोंब दिसतो. पुन्हा झाकून उचलले की वीतभर रोप, आणि शेवटी पानांनी भरलेली फांदी. वेगवेगळ्या उंचीची रोपे त्याच्याजवळ आधीपासून तयार असतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण ते ठाऊक असूनही खेळ पकडता येत नाही. रोप फडक्याखाली सरकते नेमक्या त्याच वेळी गारुड्याने पोराला काहीतरी विचारलेले असते, पोराने भलतेच उत्तर दिलेले असते आणि सगळे रिंगण हसत पोराकडे बघत असते. लक्ष दुसरीकडे वळवण्याची ही विद्या जगभरच्या जादूचा पाया आहे.

हा गारुडी आता क्वचितच दिसतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पाळणे आणि त्यांचे खेळ करणे बंद झाले. सापांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. दात पाडलेले, उपाशी साप टोपलीत कोंडण्याचे समर्थन करता येत नाही. दुसरा फटका मात्र अन्यायाचा होता. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणेही भीकच ठरते. पिढ्यान्‌पिढ्या शिकून मिळवलेले कसब या एका ओळीने भिकाऱ्याच्या रांगेत नेऊन बसवले.

जत्रेतला तंबू ही मधली पायरी. धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, तापीकाठची सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा (सारंगखेडे १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये आहे) अशा ठिकाणी पाळणे आणि खेळण्यांची दुकाने लागतात. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये त्यांच्याच ओळीत धड नागिणीचे आणि तोंड बाईचे असा देखावा दाखवणारा तंबूही असे. ती बाई बोलते, नाव सांगते, प्रश्नांना उत्तरे देते.

अशा देखाव्यांची जुनी युक्ती आरशांची. १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर या जादूगाराने टेबलावर ठेवलेल्या पेटीतले बोलणारे मुंडके दाखवले. कल्पना टॉमस टोबिन यांची होती. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके बसवलेले होते. त्यांत बाजूच्या भिंतींचे प्रतिबिंब पडे आणि पाहणाऱ्याला टेबलाखालून आरपार मागची भिंतच दिसते आहे असे वाटे. माणूस त्या आरशांमागे बसलेला. म्हणून अशा देखाव्यात प्रेक्षकांना ठरावीक अंतरावर अडवावे लागते. कुणी फार जवळ आला तर आरशात त्याचेच पाय दिसायचे.

भारतात नाट्यगृहातल्या जादूला आजचे भव्य रूप दिले ते बंगालच्या पी. सी. सरकार यांनी. राजेशाही पोशाख, वाद्यवृंद, मोठा ताफा आणि 'इंद्रजाल' हे नाव घेऊन ते जगभर फिरले. १९५६मध्ये बीबीसीवर त्यांनी करवतीने मुलगी कापण्याचा प्रयोग केला. मुलगी उठण्याआधीच कार्यक्रमाची वेळ संपली आणि ती मेली असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनींचा भडिमार केला. हा प्रयोग मुळात १९२१ साली लंडनमध्ये पी. टी. सेल्बिट यांनी जाहीरपणे सादर केला होता. सरकार १९७१मध्ये जपानच्या दौऱ्यावर असतानाच वारले.

मराठीत हे स्थान जादूगार रघुवीर यांचे. पुण्याच्या रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी मराठी बोलणारा, मध्यमवर्गीय कुटुंबाला मुलाबाळांसह बघता येईल असा जादूचा प्रयोग उभा केला. परदेश दौरेही केले आणि त्या अनुभवांवर 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिले. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी हा वारसा चालवला. एका घरात तीन पिढ्या ही विद्या टिकली, हे विशेष मानायला हवे, कारण जादूगाराचे उत्पन्न बेभरवशाचे असते.

जिल्ह्याच्या गावी प्रयोग लावायचा तर दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी गाठावी लागते. भुसावळ जंक्शनमुळे जळगाव आणि मुंबई-आग्रा महामार्गामुळे धुळे फिरत्या मंडळींना सोयीचे. सामान जड असते: पेट्या, पिंजरे, पडदे, दिवे. ते लादण्या-उतरवण्याचा, माणसांच्या जेवणा-राहण्याचा आणि सभागृहाच्या भाड्याचा खर्च तिकिटांतूनच निघायला हवा. म्हणून जाहिरातीचा जुना, हमखास उपाय आजही चालतो. डोळ्यांवर कणकेचे गोळे, कापूस आणि काळी पट्टी बांधून जादूगार भर बाजारातून मोटारसायकल चालवत नेतो.

प्रयोगातली एक वस्तू मात्र अगदी साधी असते, लोटा. जादूगार तो उलटा करून पूर्ण रिकामा करतो, बाजूला ठेवतो. दुसरा खेळ झाला की पुन्हा त्यातून पाणी ओततो, आणि असे कार्यक्रमभर चालते. लोट्याला आतून दुसरी भिंत असते. दोन भिंतींमधल्या पोकळीत पाणी असते आणि वर काठाजवळ एक बारीक छिद्र. छिद्रावर अंगठा दाबलेला असला की हवा आत शिरत नाही आणि पोकळीतले पाणी जागचे हलत नाही; अंगठा उचलला की ते हळूहळू आत उतरते. हवेच्या दाबाचा शाळेतला धडा इतक्या चांगल्या रीतीने क्वचितच शिकवला जात असेल.

अशा युक्त्यांमागचे विज्ञान खानदेशात जीवनमरणाच्या कामीही आले आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात भगताच्या शब्दावरून बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडत आले. १९८९मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डाकीण प्रथेविरुद्ध या भागात काम केले. समितीचे कार्यकर्ते गावोगावी, शाळा-शाळांतून चमत्कार करून दाखवतात आणि लगेच उलगडूनही सांगतात. होमकुंडात आधीच पोटॅशियम परमँगनेटची पूड असते. त्यावर तूप म्हणून ग्लिसरीन सोडले की काही क्षणांत आपोआप ज्वाळा उठते. सुरीला मिथिल ऑरेंज लावून लिंबू कापले की लाल रस गळतो. हळदीला चुन्याचे पाणी लागले की कुंकू होते. भगताच्या हातात यांतला प्रत्येक प्रयोग भीतीचे हत्यार असतो.

समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. काही दिवसांतच राज्याने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि त्यातून लोकांना फसवणे, दहशत बसवणे हा त्यात गुन्हा आहे. जादूगार आधीच सांगतो की ही कला आहे, दैवी शक्ती नाही. त्याच्या पोटापाण्याचा धंदा या कबुलीवरच उभा असल्याने कायद्याचा रोख त्याच्यावर नाही.

अलीकडे या व्यवसायाचे रूप बदलले आहे. मोठ्या ताफ्यांची जागा वाढदिवस, लग्नसमारंभ आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत एकट्याने होणाऱ्या खेळांनी घेतली. पत्ते, नाणी, दोरी आणि समोरच्याच्या मनातले ओळखण्याचे प्रयोग यांवर भर आला. मूळच्या उदयपूरच्या जादूगार सुहानी शाह यांनी वयाच्या सातव्या वर्षी अहमदाबादेत पहिला रंगमंचीय प्रयोग केला. २०२५मध्ये इटलीतल्या तुरीन येथे झालेल्या जागतिक जादू स्पर्धेत त्यांना ऑनलाइन जादूसाठीचा पुरस्कार मिळाला. मोबाइलवर युक्त्या उघड करणाऱ्या चित्रफिती ढिगाने आहेत, पण त्या पाहून कुणी जादूगार होत नाही. नाणे तळहातात लपवून हात मोकळा असल्यासारखा हलवणे जमायला महिनोन्‌महिने आरशासमोर उभे राहावे लागते. जळगाव-धुळ्याच्या मुलाला ते शिकण्यासाठी आजही पुस्तके, जाणत्या जादूगाराची शागिर्दी आणि गल्लीतल्या पोरांसमोर फसलेले पहिले प्रयोग हीच वाट आहे.