आय-सेव्हनचा स्टिकर आणि पद्मपाणी

अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला मनाई. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी टिपायचा तर आयएसओ ६४०० वर न्या. मग घरी फोटो उघडला की अख्ख्या भिंतीवर रवा सांडल्यासारखे दाणे. ते काढायला कॉम्प्युटर हवा म्हणून संभाजीनगरात दुकानात शिरलात, की प्रश्न ठरलेला: "आय-फाइव्ह देऊ की आय-सेव्हन?"

इथेच पहिला गैरसमज. आय-सेव्हन प्रोसेसर म्हणजे वेगवान असं नसतं, त्याची पिढी बघावी लागते. २०१७ चा आय-सेव्हन ७७०० चार कोअरचा, २०२२ चा आय-फाइव्ह १२४०० सहा कोअरचा आणि कामालाही सरस. जुना माल स्टिकरच्या जिवावर खपतो, दुसरं काय!

बरं, कोअर जास्त म्हणजे सगळंच जलद, हेही अर्धंच खरं. लग्नाचे पाचशे फोटो एकदम एक्स्पोर्ट करताना सगळे कोअर राबतात. ब्रश फिरवताना मात्र एकेका कोअरचा वेग जास्त मोलाचा.

आणि ते दाणे? ग्राफिक्स कार्ड गेमवाल्यांसाठी, असं सांगणारे अजून भेटतात. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलेलं एआय डिनॉइज मुख्यतः त्याच कार्डावर चालतं. चांगलं कार्ड असेल तर काही सेकंद, नसेल तर एका फोटोला कित्येक मिनिटं. लेण्यांत रमणाऱ्याने प्रोसेसरवरचे चार पैसे इकडे वळवावेत.

रॅमचा हिशोब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की सुमारे १४४ एमबी. असे दहा लेअर म्हणजे दीड जीबीच्या आसपास. ८ जीबीत भागत नाही. १६ हवीच, जमल्यास ३२.

सगळ्यात दुर्लक्षित असते ती स्क्रीन. माझी जुनी स्क्रीन निळसर होती. त्यावर बघून मी बीबी का मकबऱ्याच्या फोटोत ऊब भरत गेलो आणि प्रिंट हातात आली तेव्हा संगमरवर हळदीने माखलेला! लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' दिसलं तर पुढे सरका. एसआरजीबीच्या रंगांपैकी जेमतेम ६०-६५ टक्केच त्यावर दिसतात. आयपीएस पॅनेल आणि १०० टक्के एसआरजीबी मागा.

राहता राहिला आपला मे महिना. दुकानातल्या एसीत पळणारा पातळ लॅपटॉप वरच्या मजल्यावरच्या खोलीत, बेचाळीस अंशांत, तापून स्वतःच वेग कमी करतो. एकाच जागी बसून काम करायचं असेल तर डेस्कटॉपच बरा. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपल्याच पाच-सहा रॉ फाइली न्या आणि तिथेच उघडायला लावा.