जुना संगणक वेगवान कसा करावा? आधी मोजमाप, मग खर्च

या टिपणातून काय शिकायचे
१. संगणक ‘स्लो’ होतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे.
२. कोणता घटक अडथळा ठरतो आहे, हे मोजून शोधणे.
३. कोणत्या खर्चाने किती फरक पडेल, याचा आधीच अंदाज बांधणे.

प्रास्ताविक

मी बेंगळुरूच्या सर्जापूर रोडला राहते. याच रस्त्यावर दोड्डकन्नेळ्ळी इथे विप्रोचे मुख्यालय आहे. १९४५ साली खानदेशातल्या अमळनेरला वनस्पती तूप बनवण्यासाठी सुरू झालेली ही कंपनी पुढे संगणकही बनवू लागली आणि २०१३ साली तिने स्वतःच्या नावाचे संगणक बनवणे बंद केले. त्या काळातले संगणक, मग ते कोणत्याही कंपनीचे असोत, आजही कितीतरी घरांत टेबलावर आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की बनवणारी कंपनी त्या धंद्यातून बाहेर पडली तरी साध्या डेस्कटॉपचे सुटे भाग मिळत राहतात. हार्ड डिस्कची जोडणी, मेमरीचा खाचा, पॉवर सप्लायची वायर हे सगळे ठरलेल्या मानकांप्रमाणे बनते. म्हणूनच दहा-बारा वर्षांचे यंत्रही दुरुस्त होऊ शकते.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. मूळची निपाणीकडची. म्हणाली, “मॅडम, घरचा कॉम्प्युटर चालू व्हायलाच चार-पाच मिनिटं लागतात. गावातले दुकानदार म्हणाले, मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदला, नाहीतर नवीनच घ्या. बाबा कर्ज काढायला निघालेत. घ्यावाच लागेल का?”

मी तिला विचारले, “तू काय काय मोजलंस?” तिने काहीच मोजले नव्हते. दुकानदारानेही नाही. हे टिपण त्या एका प्रश्नातून आले आहे.

१. ‘स्लो’ म्हणजे कोणीतरी कोणाची तरी वाट पाहते आहे

प्रोसेसर वयोमानाने हळू होत नाही. ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर पुरेसा थंड असेल तर दहा वर्षांनीही ३.३ गिगाहर्ट्झनेच चालतो. मग बदलते काय? एक, सॉफ्टवेअर जड होत जाते. दोन, सुरू होतानाच चालू होणारे प्रोग्रॅम वाढत जातात. तीन, धूळ आणि उष्णता वाढते. चार, हार्ड डिस्क झिजते. यातले पहिले दोन दोष मेमरी आणि डिस्कवर ताण टाकतात, तिसरा प्रोसेसरवर आणि चौथा थेट तुमच्या माहितीवर.

लग्नाच्या पंगतीत वाढपी दहा असले आणि भात शिजवणारी चूल एकच असली, तर वाढपी वीस केल्याने पंगत लवकर उठत नाही. संगणकातली ‘चूल’ कोणती, हे आधी शोधायचे. तिलाच आपण बॉटलनेक म्हणतो.

२. मोजमाप कसे करावे

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ हा भाग पाहा. लिनक्समध्ये सिस्टीम मॉनिटर किंवा टर्मिनलमध्ये ‘टॉप’ आणि ‘फ्री’ या आज्ञा वापरा. नेहमीचे काम करा, म्हणजे ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब, एक पीडीएफ आणि तुमचा कंपायलर, आणि संगणक अडखळत असतानाचे आकडे वहीत लिहा.

– डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ, प्रोसेसर मात्र १०-२० टक्के: अडथळा डिस्कचा.
– मेमरी ९० टक्क्यांच्या वर, आणि त्याच वेळी डिस्कही व्यग्र: अडथळा मेमरीचा, डिस्क नुसती तिचा भार उचलते आहे.
– प्रोसेसर १०० टक्के, डिस्क शांत: कोणता प्रोग्रॅम ते पाहा. एखादा नको असलेला प्रोग्रॅम असेल तर तो काढणे हाच उपाय.
– प्रोसेसरची गती मूळ आकड्यापेक्षा खाली आणि पंखा जोरात: उष्णतेचा त्रास.

माझ्या विद्यार्थिनीने आठवडाभराने आकडे आणले. प्रोसेसर १२ टक्के, मेमरी ४ जीबीपैकी ७० टक्के, डिस्क १०० टक्के. म्हणजे दुकानदाराने नेमका तोच भाग बदलायला सांगितला होता, जो रिकामा बसला होता.

३. हार्ड डिस्कचे गणित

फिरणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते असे धरा. एका फेऱ्याला ६० ÷ ७२०० सेकंद, म्हणजे ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. वाचक योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ९ मिलिसेकंद. एकूण सुमारे १३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचे असेल तर सेकंदाला जेमतेम ७६ वाचने.

एसएसडीत काहीच फिरत नाही. साधारण ०.१ मिलिसेकंदात एक वाचन होते असे धरले, तर सेकंदाला १०,००० वाचने.

आता समजा, संगणक सुरू होताना १०,००० विखुरलेल्या ठिकाणांहून वाचावे लागते. हार्ड डिस्कला १३० सेकंदांहून जास्त, एसएसडीला १ सेकंद. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टीम काही फाइल आधीच आणून ठेवते आणि वाचनांचा क्रमही लावते, म्हणून फरक इतका टोकाचा दिसत नाही. पण दिशा हीच असते.

पुष्कळ जण विचारतात, “माझ्या मदरबोर्डवर जुनी साटा-२ जोडणी आहे, तर एसएसडीचा उपयोग होईल का?” होईल. साटा-२ ची मर्यादा सेकंदाला सुमारे ३०० मेगाबाइट, साटा-३ ची सुमारे ६००. ही मर्यादा मोठी फाइल सलग वाचताना जाणवते. रोजच्या कामात बहुतेक वाचने छोटी आणि विखुरलेली असतात, आणि तिथे लाभ प्रतीक्षा संपण्याचा आहे.

४. अ‍ॅमडालचा नियम : खर्च करण्यापूर्वीचा हिशेब

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार तुम्ही संगणक रचनेच्या विषयात शिकता. एकूण वेळेचा ‘प’ इतका भाग आपण ‘स’ पटीने वेगवान केला, तर

वेगवाढ = १ ÷ [(१ − प) + प ÷ स]

समजा, संगणक सुरू व्हायला २०० सेकंद लागतात. त्यातले १५० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात आणि ५० सेकंद प्रोसेसरच्या कामात जातात.

पर्याय अ: दुप्पट वेगाचा प्रोसेसर. वेळ = १५० + २५ = १७५ सेकंद. वेगवाढ १.१४ पट.
पर्याय ब: दहापट वेगाची डिस्क. वेळ = १५ + ५० = ६५ सेकंद. वेगवाढ ३.०८ पट.

पर्याय ‘अ’ साठी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बहुधा नवी मेमरीही लागते. पर्याय ‘ब’ साठी एक एसएसडी आणि एक स्क्रूड्रायव्हर. परीक्षेत पाच गुणांसाठी पाठ केलेले सूत्र कोणाच्या तरी बाबांचे कर्ज वाचवू शकते, ते असे.

५. मेमरी कधी वाढवावी

मेमरी कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम काही पाने डिस्कवर ठेवते आणि लागतील तेव्हा परत आणते. मेमरीतून वाचायला १०० नॅनोसेकंद आणि डिस्कवरून पान आणायला १० मिलिसेकंद, म्हणजे एक कोटी नॅनोसेकंद, असे धरा. हजारात एकदाच पान डिस्कवरून आणावे लागले, तरी सरासरी वेळ सुमारे १०,१०० नॅनोसेकंद होते. म्हणजे सगळे काम शंभरपट हळू. ही आणाआणी हाताबाहेर गेली की तिला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याचे विश्लेषण केले.

आता डिस्कच्या जागी ०.१ मिलिसेकंदाची एसएसडी ठेवा. सरासरी सुमारे २०० नॅनोसेकंद, म्हणजे फक्त दुप्पट. एसएसडी मेमरीची उणीव पूर्ण भरून काढत नाही, पण तिची शिक्षा सौम्य करते.

मेमरी घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचात बसत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीम ३२ बिटची असेल तर साधारणपणे ४ जीबीच्या वरची मेमरी वापरली जात नाही, कारण २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते. आणि मेमरी ६०-७० टक्केच वापरली जात असेल, तर ती वाढवून वेग वाढणार नाही.

६. फुकटातले उपाय आधी

– सुरू होतानाच चालू होणारे प्रोग्रॅम बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ हा भाग त्यासाठीच आहे. अँटिव्हायरस एकच ठेवा.
– ब्राउझरमधली न वापरलेली एक्स्टेन्शन काढा.
– डिस्कवर मोकळी जागा ठेवा. आणि एसएसडी बसवल्यावर डीफ्रॅग करू नका. त्याचा उपयोग नाही, झीज मात्र होते.
– धूळ काढा. सर्जापूर रोडला वर्षभर कुठे ना कुठे बांधकाम चालूच असते. खिडकीजवळच्या कॅबिनेटमध्ये सहा महिन्यांत पंख्यावर थर बसतो. वीज काढून, ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून भेगाळली असेल तर पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा.
– तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा सेल संपला आहे. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, आणि आपण नेटला दोष देतो.

७. ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते, आणि २०१३ च्या सुमाराचे प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीत नाहीत. संगणक चालत राहील. पण सुरक्षेची अद्ययावत दुरुस्ती मिळत नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

अशा यंत्रासाठी लिनक्स हा खरा पर्याय आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी मेमरीत नीट चालते. लुबुंटूही हलके आहे. सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही भारतीय भाषांचा विचार करून बनवलेली प्रणाली आहे. बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहा: वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का? सी, पायथन, जावा, डेटाबेस यांचा पदवीचा बहुतेक अभ्यास त्यावर होतो. तुमच्या शाखेचे एखादे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर ते प्रयोगशाळेत वापरायचे का, हे आधी ठरवा.

८. सर्वांत आधीची पायरी : बॅकअप

ही पायरी मी मुद्दाम शेवटी सांगते आहे, कारण आम्हीही ती उशिराच केली. माझ्या विद्यार्थिनीच्या डिस्कचे स्मार्ट अहवाल आम्ही काढले, तेव्हा ‘पेंडिंग सेक्टर’ हा आकडा शून्य नव्हता. अर्थ असा, की डिस्कवरचे काही भाग वाचता येत नव्हते आणि डिस्क तेच तेच पुन्हा वाचत बसत होती. जो संगणक आठ महिने ‘स्लो’ वाटत होता, तो खरे तर मरणाऱ्या डिस्कची सूचना देत होता.

आम्ही सगळे सोडून आधी फाइल उतरवून घेतल्या. तिचा प्रोजेक्ट वाचला. एका फोल्डरमधले काही फोटो वाचले नाहीत. ते तिच्या आजोबांचे होते. आठ महिने आधी मोजले असते, तर तेही वाचले असते. म्हणून आज हे टिपण वाचून झाल्यावर पहिले काम बॅकअपचे करा, दुसरे स्मार्ट अहवाल पाहण्याचे, आणि वेगाचा विचार त्यानंतर.

नंतर तिने एसएसडी बसवली, लिनक्स टाकले. मेमरीला हात लावला नाही. आता संगणक मिनिटाच्या आत कामाला तयार होतो. कर्ज काढावे लागले नाही.

९. कुठे थांबावे

प्रत्येक यंत्र वाचवण्यासारखे नसते. कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स सूचना नाहीत. त्यामुळे टेन्सरफ्लोच्या तयार आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. जुन्या ग्राफिक्सला नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ स्वतः उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. तिथे व्हिडिओ ४८० वर पाहणे एवढेच हाती राहते. मदरबोर्ड फुगलेल्या कपॅसिटरमुळे बंद पडत असेल, तर पैसे घालू नका. डिस्क काढून घ्या आणि उरलेले यंत्र अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याची जबाबदारी उत्पादकांवरही आहे.

भाग घ्यायला बेंगळुरूत एस. पी. रोड, पुण्या-मुंबईत तिथल्या बाजारपेठा आहेत. कुठेही गेलात तरी वहीतले आकडे सोबत न्या. आकडे हातात असले की “काय बदलू?” असे विचारावे लागत नाही, “हे द्या” असे सांगता येते.

स्वाध्याय

१. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचक सरकायला १२ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला किती विखुरलेली वाचने होतील? (उत्तर: सुमारे ५७)
२. कंपाइल होण्याच्या ८० सेकंदांपैकी ६० सेकंद प्रोसेसरचे असतील, तर दहापट वेगाच्या डिस्कने किती वेगवाढ होईल? खर्च करावा का? कारण द्या.
३. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या एका जुन्या संगणकाचे डिस्क, मेमरी आणि प्रोसेसरचे आकडे तीन वेगवेगळ्या वेळी नोंदवा. अडथळा कोणता, ते एका परिच्छेदात लिहा.
४. त्याच संगणकाच्या मालकाला, त्यांना समजेल अशा भाषेत, काय करावे आणि काय करू नये हे सांगा. हा प्रश्न सर्वांत अवघड आहे.