खेळ थांबवू नका, साखर सांभाळा

छत्रपती संभाजीनगर - मुलाला टाइप-१ मधुमेह असल्याचे निदान झाले, की अनेक घरांत पहिली बंदी मिठाईवर येते आणि दुसरी मैदानावर. खेळता खेळता चक्कर आली तर, कोणाच्या लक्षात आले नाही तर, या धास्तीने पालक मुलाला खेळाच्या तासाला वर्गातच बसवण्याची विनंती करतात. जबाबदारी नको म्हणून क्रीडाशिक्षकही ती मान्य करतात. ही भीती निराधार नाही. पण त्यावरचा हा उपाय मात्र चुकीचा आहे. खेळाने रक्तातील साखर कशी आणि केव्हा बदलते, हे घरच्यांना आणि शिक्षकांना ठाऊक असेल, तर हे मूल इतरांप्रमाणेच मैदानावर उतरू शकते.

साखर का उतरते?

टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे आयुष्यभर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. निरोगी माणूस धावू लागला, की स्वादुपिंड इन्सुलिनचे प्रमाण आपोआप कमी करते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. टोचून घेतलेले इन्सुलिन मात्र असे मागे घेता येत नाही. ते आपले काम करीतच राहते, यकृताला साखर सोडू देत नाही आणि त्याच वेळी स्नायूही साखर खेचून घेतात. परिणामी साखर झपाट्याने खाली येते.

सगळेच खेळ मात्र सारखे नसतात. लांब पल्ल्याचे धावणे, सायकल चालवणे, गोगाबाबा टेकडीची चढण अशा सलग श्रमांत साखर उतरते. शंभर मीटरची शर्यत, वजन उचलणे किंवा अटीतटीच्या सामन्याचा ताण यांमुळे अॅड्रेनालिन वाढते आणि साखर उलट चढू शकते. कबड्डी, खो-खो, फुटबॉल यांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. त्यामुळे प्रत्येक खेळाडूने आपल्या खेळाचे आकडे स्वतंत्र वहीत नोंदवणे उपयोगाचे ठरते.

मैदानावर उतरण्यापूर्वी

खेळण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर तपासणे हा पहिला नियम. साधारणपणे ती १२६ ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल, तर खेळ सुरू करण्यास हरकत नसते. ९० पेक्षा कमी असेल, तर १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घेऊन साखर वर येईपर्यंत थांबावे. ९० ते १२५ दरम्यान असेल, तर सुमारे १० ग्रॅम ग्लुकोज घेऊन सुरुवात करावी. २७० पेक्षा जास्त असेल, तर कीटोन तपासावेत. ते वाढलेले असतील, तर खेळ टाळून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आदल्या २४ तासांत साखर कमी होऊन बेशुद्धी आली असेल किंवा दुसऱ्याची मदत घ्यावी लागली असेल, तर त्या दिवशी विश्रांतीच योग्य.

जेवणानंतर दोन-तीन तासांच्या आत सलग श्रमाचा खेळ असेल, तर त्या जेवणापूर्वीचे इन्सुलिन कमी करावे लागते. हे प्रमाण खेळाच्या स्वरूपानुसार २५ ते ७५ टक्क्यांपर्यंत असू शकते. ते डॉक्टरांनीच ठरवून द्यावे. इन्सुलिन पूर्णपणे बंद करणे घातक आहे. धावण्यापूर्वी मांडीत इन्सुलिन टोचू नये, कारण काम करणाऱ्या स्नायूंजवळून ते लवकर शोषले जाते. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यातही इन्सुलिनचे शोषण वेगाने होते. शिवाय उन्हात ठेवलेल्या पिशवीत ते खराब होते. त्यामुळे ते थंड जागी ठेवावे.

घाम खेळाचा की साखरेचा?

घाम, धडधड, थकवा ही साखर कमी झाल्याची लक्षणे. खेळताना ती सर्वांनाच जाणवतात. येथेच फसगत होते. म्हणून लांबलेल्या खेळात दर अर्ध्या तासाने साखर तपासावी. ती ७० पेक्षा खाली गेली, तर खेळ तत्काळ थांबवून १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट येथे उपयोगी नाही; त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

खरा धोका रात्रीचा

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते खेळानंतरच्या रात्रीकडे. रिकामे झालेले साठे भरून काढण्यासाठी स्नायू कित्येक तास साखर ओढत राहतात. त्यामुळे संध्याकाळी सराव केलेल्या मुलाची साखर मध्यरात्रीनंतर, गाढ झोपेत, उतरू शकते. अशा दिवशी झोपण्यापूर्वी आणि पहाटे दोन-तीनच्या सुमारास साखर तपासावी. रात्रीचे इन्सुलिन किती कमी करावे आणि झोपताना काय खावे, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

शिखरावर पोहोचलेले खेळाडू

वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेहाचे निदान झाले. त्यानंतर २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतील ५०० वा बळी टिपला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल धाकटा याला १९९९ मध्ये टाइप-१ मधुमेह झाला. त्याने २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव लहानपणापासून टाइप-१ मधुमेही आहे. २०२१ मध्ये टोकियोत त्याने एकेरीचे सुवर्ण जिंकले. आपला आजार मात्र त्याने २०२२ मध्ये जाहीर केला.

या खेळाडूंच्या पाठीशी डॉक्टर आणि प्रशिक्षकांची फौज असते. वाडी-वस्तीवरच्या मुलाला ग्लुकोमीटरची पट्टीही महाग वाटते. याच शहरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था टाइप-१ मधुमेही मुलांसाठी काम करते. अशा मुलांना शाळेत साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा मिळावी, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे.

शाळेने त्यासाठी फार काही करायचे नाही. मुलाचा आजार क्रीडाशिक्षकाला आणि एका मित्राला ठाऊक असावा, मैदानाच्या कडेला ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी असावी आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा. एवढी तयारी असेल, तर खेळाच्या तासाला वर्गात एकटे बसण्याची वेळ त्या मुलावर येणार नाही.