सुईने आठवण परत येते का?

पक्षाघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाकडं झालेलं तोंड, लुळा पडलेला हात आणि काठी येते. पण मित्रांनो, या आजाराची एक बाजू डोळ्यांना दिसत नाही. पेशंट दोन-तीन महिन्यांत चालायला लागतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि मग हळूहळू लक्षात येतं की वाण्याने परत दिलेले सुटे पैसे त्याला मोजता येत नाहीत. गॅसवर आधण ठेवून तो विसरतो. टीव्ही चालू असताना काही विचारलं तर बातमीही कळत नाही आणि प्रश्नही. घरचे म्हणतात, "वय झालं आता." खरं तर हा त्या आजाराचाच भाग असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या निवेदनाप्रमाणे पक्षाघातानंतरच्या पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांची स्मरणशक्ती, लक्ष किंवा विचारशक्ती कमी झालेली आढळते.

अडचण अशी की हातापायांसाठी फिजिओथेरपी आहे, बोलण्यासाठी स्पीच थेरपी आहे, पण या विसराळूपणावर खात्रीची गोळी अजून नाही. म्हणून लोक दुसरे मार्ग शोधतात. त्यातला एक म्हणजे ॲक्युपंक्चर.

सुई नेमकी काय करते?

ही विद्या चीनची. आपल्याशी तिचा एक धागा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत असतात. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात आणलं.

सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक. तिच्यात औषध नसतं. पक्षाघातानंतरच्या विसराळूपणासाठी जास्त वापरले जाणारे दोन बिंदू डोक्यावर आहेत. 'बाइहुई' हा अगदी टाळूवर आणि 'शेनथिंग' हा कपाळावर केस सुरू होतात तिथून जरासा वर, मधोमध. सुई फक्त कातडीत राहते, कवटीच्या आत जात नाही. कधी कधी दोन सुयांना छोटं यंत्र जोडून अगदी सौम्य वीजप्रवाह देतात. एक सिटिंग साधारण अर्ध्या तासाचं.

जुने चिनी वैद्य सांगतात की शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहते आणि सुई तिचा अडथळा काढते. आजचे संशोधक नसांच्या भाषेत बोलतात. सुईमुळे कातडी आणि स्नायूंमधल्या नसा उत्तेजित होतात आणि सिग्नल मेंदूपर्यंत जातो. उंदरांच्या मेंदूची रक्तवाहिनी बंद करून, मग याच दोन बिंदूंवर विजेची सुई देऊन चीनमध्ये प्रयोग झाले. हे उंदीर पाण्याखाली लपवलेला चौथरा इतर आजारी उंदरांपेक्षा लवकर शोधायला लागले. त्यांच्या मेंदूत, आठवणी साठवणाऱ्या भागात, कमी पेशी मेल्या आणि पेशींना जगवणारी बी.डी.एन.एफ. सारखी प्रथिनं वाढली. वाचायला एकदम भारी वाटतं. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

घोडं पेंड कुठे खातं?

पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपोआपही बराच सुधारतो. त्या काळात जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! म्हणून सुई न दिलेल्या रुग्णांशी तुलना लागते. पण सुई टोचली की नाही हे रुग्णाला कळतंच, आणि नुसत्या विश्वासानेही माणसाला बरं वाटतं. यावर १९९८ मध्ये जर्मनीत एक मस्त तोडगा निघाला: बोथट सुई, जी दाबली की नाटकातल्या खंजिरासारखी मुठीत सरकते. रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं, पण टोचत नाही. तरी टोचणाऱ्याला खरं काय ते माहीत असतंच, आणि नुसता दाबही नसांपर्यंत पोचतो. म्हणजे फंडा पूर्ण क्लिअर होत नाही.

मोजमापाचंही तसंच. 'मोका' नावाची ३० मार्कांची चाचणी असते. त्यात घड्याळ काढा, १०० मधून सात-सात वजा करत जा, मघाचे पाच शब्द आठवा, असे प्रश्न असतात. तोच पेपर पुन्हा दिला की मार्क वाढतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

२०१६ मध्ये कोक्रेन संस्थेने पक्षाघातानंतरच्या ॲक्युपंक्चरच्या ३१ चाचण्या तपासल्या. एकूण रुग्ण २,२५७. आकलनशक्तीसह काही गोष्टींत फायदा दिसला, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी होता. म्हणून सरसकट वापरा असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर चीनमध्ये सुई अधिक स्मरणाचे व्यायाम अशा चाचण्या झाल्या. नुसत्या व्यायामापेक्षा मार्क जास्त आले, पण दर्जाचा प्रश्न उरलाच. म्हणजे "उपयोग होऊ शकेल" इथपर्यंत आपण आलोय, "होतोच" इथपर्यंत नाही.

घरात प्रश्न आलाच तर

आधी डॉक्टरांना सांगून स्मरणशक्तीची चाचणी करून घ्यावी. बी.पी., शुगर सांभाळणं आणि रोजचे व्यायाम हा पाया. सुई ही जोडीला, गोळ्यांच्या बदली नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. पेसमेकर असेल तर विजेची सुई नको. सुया पाकिटातून काढलेल्या, नव्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला लाजू नये. आणि सिटिंग किती, खर्च किती, फरक पडला नाही तर थांबायचं कधी, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. आशेला हिशेब नसतो, पण घराला असतो.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. झटका आल्यावर बोटांची टोकं सुईने टोचून रक्त काढा म्हणजे माणूस वाचतो, असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ते साफ खोटं आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी सुई शोधू नका. १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. त्या वेळात जेवढा मेंदू वाचतो, तेवढा पुढे कुठल्याच सुईने परत मिळणार नाही.