कोटणीसांची पत्रे आणि बंद होत गेलेल्या वाटा

मागच्या आठवड्यात आपण १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ बोट सुटेपर्यंत आलो होतो. तिच्यावर वैद्यकीय मदतीसाठी चीनला निघालेले अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे पाच डॉक्टर होते. कोटणीसांची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण व्हायची होती. आजचा लेख त्यांच्या युद्धकाळातल्या पत्रव्यवहारावर आहे. शेजारी नकाशा उघडून ठेवावा, म्हणजे तो नीट कळेल.

मुळात ही मोहीमच एका पत्रातून उभी राहिली. नोव्हेंबर १९३७ मध्ये जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषबाबूंनी हे काम उचलून धरले. बावीस हजार रुपये जमले आणि एक रुग्णवाहिकाही मिळाली. २४ मे १९३९ रोजी माओंनी येनानहून नेहरूंना आभाराचे पत्र धाडले. नेत्यांची ही पत्रे इतिहासाच्या पुस्तकांतून भेटतात. सोलापूरला यायची ती घरची, आणि मला त्यांचेच मोल जास्त वाटते.

सोलापूरच्या घरांना लष्करी अंमल नवा नव्हता. मे १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ भोगला होता आणि जानेवारी १९३१ मध्ये चार हुतात्मे फासावर गेले होते. त्यामुळे मुलगा युद्धावर गेला म्हणजे काय, याची धास्ती घरी असणारच. पण १९३९ च्या आरंभी आघात झाला तो उलट दिशेने. पथक चुंगकिंगला असताना वडील वारल्याची बातमी कोटणीसांपर्यंत पोहोचली. परत फिरावे, असे सोबत्यांनीही सुचवले. ते फिरले नाहीत. फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. मोठ्या माणसांच्या चरित्रांत असा प्रसंग दोन ओळींत उरकतात, ते मला पटत नाही. वडील गेल्यावर कमावत्या मुलाचे घरी असणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही घराला ठाऊक आहे. ‘मी येत नाही’ हे घरच्यांना कळवणे हा त्या तरुणाने घेतलेला सर्वांत अवघड निर्णय होता, असे मी मानतो.

आता नकाशा पाहा. पथक कँटनला उतरून महिना उलटतो न उलटतो तोच, ऑक्टोबर १९३८ मध्ये, कँटन आणि पाठोपाठ हँकाऊ जपान्यांच्या हाती गेले. उरलेल्या वाटांपैकी एक होता ब्रह्मदेशाचा रस्ता. जपानच्या दडपणाखाली ब्रिटिशांनी १९४० च्या जुलैपासून तीन महिने तोही बंद ठेवला. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडले आणि एप्रिल १९४२ मध्ये ब्रह्मदेशाच्या रस्त्याच्या तोंडाशी असलेले लाशिओ; तो रस्ताच तुटला. कोटणीस तर त्याही पलीकडे, उत्तरेत जपानी फळीच्या मागे डोंगराळ मुलखात काम करत होते. तिथून निघालेल्या पाकिटाला शत्रूचे नाके ओलांडायचे, मग सेन्सॉरच्या हातून जायचे. पत्राचा मजकूर वाचण्याआधी ते पोहोचले, हीच घरच्यांसाठी मोठी बातमी असणार.

मोहिमेतले इतर एकेक करून परतू लागले. चोळकर आणि मुखर्जी आधी, नंतर अटल. मागे राहिले बसू आणि कोटणीस. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तोवर चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली होती की वर्गात ते चिनीतूनच शिकवत. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेची पुस्तके लिहायला घेतली. एक पुरे झाले, दुसरे अर्ध्यावर राहिले. ज्याच्या नावाचे हे रुग्णालय, त्या कॅनडाच्या डॉक्टर नॉर्मन बेथूननेही आघाडीवरून असेच लिहिले होते: अहवाल, मागण्या, शिकवण्याचे धडे. युद्धातल्या डॉक्टरचे व्यावसायिक लेखन असेच असते. एका जखमीवर आज केलेला उपचार उद्या दुसऱ्या कुणाला जमावा, यासाठी ते असते. घराकडच्या वाटा बंद होत असताना कोटणीसांची लेखणी या कामात गुंतलेली होती.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा यिनहुआ जन्मला, तेव्हा ब्रह्मदेशाचा रस्ता तुटून चार महिने झाले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. ते बत्तीस वर्षांचे होते.

डॉ. बसू १९४३ मध्ये मायदेशी परतले. मोहिमेचा सारा वृत्तान्त त्यांनी पुढे लिहून काढला. पुढच्या आठवड्यात तो वाचू.