पायस उलटते कधी?

सोलापुरात मे महिन्यात लोणी काढणे सोपे नसते. पारा ४० अंशांवर गेला की विरजलेली साय पहाटेच घुसळायला घ्यावी लागते, वर थंड पाणी ओतावे लागते. नाहीतर स्निग्धांश पार वितळतो, त्याचे कण एकमेकांना धरत नाहीत आणि हात दुखले तरी लोणी येत नाही. जमले तर आधी रवी जड लागते, मग एकाएकी दाणे दिसतात व पातळ ताक सुटे होते.

त्या क्षणी नेमके काय होते? सायीत पाणी बाहेर आणि स्निग्धाचे थेंब आत असतात. लोण्यात स्निग्ध बाहेर आणि पाण्याचे थेंब आत. एका द्रवात दुसऱ्याचे थेंब अडकलेल्या अशा मिश्रणाला पायस म्हणतात. घुसळताना पायस उलटते. वर्गात करून पाहा: शाईचा थेंब दुधात पसरतो, लोण्यावर तसाच बसून राहतो.

खनिज तेलाच्या विहिरीतही पायस उलटते, पण उलट्या दिशेने. विहीर जुनी होते तसे तेलाबरोबर जास्त पाणी येऊ लागते. १९७४ साली सापडलेल्या बॉम्बे हायचे तेल हलके. त्यातून पाणी वेगळे करणे तुलनेने सोपे. उत्तर गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बलोल आणि संथाल या क्षेत्रांतले तेल मात्र इतके दाट, की ते पातळ व्हावे म्हणून जमिनीखाली हवा सोडून त्याचाच काही भाग जाळण्याची पद्धत १९९७ मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली.

दाट तेलात पाणी का अडकते, याचा हिशेब स्टोक्सच्या नियमाने करता येतो. तेल पाण्याच्या हजारपट दाट आणि घनतेतला फरक घनमीटरला ५० किलोग्रॅम धरा. १० मायक्रोमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब एक मीटर खाली यायला साडेअकरा वर्षे घेईल! शिवाय तेलातले अस्फाल्टीन नावाचे जड रेणू थेंबाभोवती साल धरतात, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत.

आता अंदाजाचा प्रश्न. थेंब वाढले की पायस दाट होते. आइन्स्टाईन यांच्या १९०६ सालच्या कामातून आलेले सूत्र सांगते की घन कण २ टक्के असतील, तर दाटपणा ५ टक्क्यांनी वाढतो. हे विरळ मिश्रणापुरतेच खरे. पाणी निम्म्यावर गेले की दाटपणा कित्येक पटींनी वाढतो, पंप कण्हू लागतात. आणखी पाणी आले की पायस उलटते, पाणी बाहेर येते आणि दाटपणा एकदम कोसळतो. कोणता पंप, केवढी नळी हे या टोकावरून ठरते.

ते टोक कुठे? सारख्या गोल थेंबांची घट्ट रचना जागेचा ७४ टक्के भाग व्यापते, म्हणून १९१० साली वोल्फगांग ओस्टवाल्ड यांनी तीच मर्यादा मानली. प्रत्यक्षात थेंब लहानमोठे असतात, दबतात, आणि टोक बऱ्याचदा आधीच येते. तेल कोणते, पाणी किती खारट, पंपाने किती घुसळले, तापमान काय, यांवर ते सरकते. मला सर्वांत अवघड वाटते ते हे, की पायसाला पूर्वेतिहास असतो: तेलात पाणी ओतत गेल्यावर येणारे टोक आणि पाण्यात तेल ओतत गेल्यावर येणारे टोक एक नसते.

म्हणून सूत्रे हाताशी असूनही अभियंते विहिरीच्या तोंडाशी बाटल्या मांडतात. प्रत्येकीत पायस फोडणारे वेगळे रसायन घालून त्या गरम करतात आणि तळाशी किती पाणी उतरले ते मोजतात. नमुना ताजाच लागतो. साल दिवसेंदिवस घट्ट होते, आणि ठेवलेल्या बाटलीतले पायस मग वेगळेच उत्तर देते.