काळं, आंबट आणि बियांचं

यंदा मार्च सरला तरी वसईच्या बाजारात बियांचं काळं द्राक्ष आलं नाही. जाड सालीचे, लहान मण्यांचे ते घड. मणी तोंडात दाबला की गर सुटून आत जायचा आणि साल तशीच जिभेवर राहायची. चौकशी केली तेव्हा विक्रेत्याने जम्बो जातीच्या द्राक्षांची पेटी पुढे सरकवली आणि बियांचा माल आता कुणी मागत नाही, म्हणून आणत नाही, असं सांगितलं. कुणी मागत नाही हे खरं नाही. मागणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, काही गेल्या, आणि त्यांची मागणी बाजाराने कधी मोजलीच नव्हती.

वसईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळची वाइन मुख्यतः या एका द्राक्षावर चालत आली. आम्ही त्याला नुसतं काळं द्राक्ष म्हणायचो. बागायतदार त्याला बेंगलोर ब्लू म्हणतात, आणि जगात ते इझाबेला या नावाने ओळखलं जातं. मूळ अमेरिकेचा हा वेल बंगळूर, चिक्कबळ्ळापूर, कोलार या भागांत रुजला. तिथल्या हवेत तो वर्षातून दोन पिकं देतो आणि 2013 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गोव्याच्या पोर्ट वाइनचा पायाही हेच द्राक्ष आहे. युरोपला मात्र ते कधी आवडलं नाही. फ्रान्सने 1934 च्या कायद्याने ज्या सहा जातींवर बंदी घातली, त्यांत इझाबेला होती. या जातींच्या वाइनने डोकं फिरतं, असा प्रचार झाला. खरं दुखणं वाइनच्या अतिरिक्त उत्पादनाचं होतं. इझाबेलाचा उग्र, फुलासारखा वास तिथल्या जाणकारांना सहन होत नाही. आमच्या घरांत नाताळचा वास म्हणजे तोच वास.

साठ आणि सत्तरच्या दशकांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. साखर रेशनवर होती आणि साखरेशिवाय घरची वाइन होत नाही. ज्यांना जमायचं ते काळ्या मनुकांवर थोडीशी करत, बाकीचे न करता राहत. नाशिककडे त्या काळात भोकरी, फकडी, साहेबी या जाती मागे पडून थॉमसन सीडलेस पसरत होतं. ते पांढरं द्राक्ष आमच्या कामाचं नव्हतं.

माझ्या मनात घर करून राहिलं आहे ते 1985 ते 1995 हे दशक. साखर सहज मिळू लागली होती, आखातात गेलेल्या मुलांचे पैसे घरी येत होते, आणि फेब्रुवारीत काळ्या द्राक्षाच्या पाट्या बाजारात ओळीने लागायच्या. आई घड हातात घेऊन एक मणी दाबून पाहायची. सालीचा रंग बोटाला लागला तरच ती घासाघीस करायला बसायची. घरी आणल्यावर मणी देठापासून सुटे करायचे, धुऊन कपड्यावर पूर्ण कोरडे करायचे आणि मग हाताने चुरडायचे. चिनी मातीच्या बरणीत द्राक्षं, किलोला किलो साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू आणि बेकरीतून आणलेलं यीस्ट. तोंडाला मलमल बांधून बरणी अंधाऱ्या खोलीत जायची. एकवीस दिवस रोज सकाळी कोरड्या लाकडी डावाने ती ढवळायची, आणि ते काम आई दुसऱ्या कुणाला देत नसे. मग गाळणं, निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, वरची नितळ वाइन हळूच दुसऱ्या बरणीत ओतून खालचा साका टाकून देणं, आणि नाताळपर्यंत मुरवणं.

किलोला किलो साखर ऐकून आजचे वाइनचे अभ्यासक नाक मुरडतात. ही पद्धत द्राक्ष पाहून बसवलेली होती, हे त्यांनी समजून घ्यायला हवं. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. एवढी साखर घातली की मद्यार्क वाढत जातो, बेकरीचं यीस्ट मध्येच दमतं आणि उरलेली साखर गोडी म्हणून राहते. ती गोडी पेलायला तेवढाच आंबटपणा लागतो आणि घशाला धरणारा तुरटपणाही लागतो. काळ्या द्राक्षाचा आंबटपणा भरपूर, तुरटपणा बियांतून आणि जाड सालीतून येणारा. म्हणून ती वाइन गोड असूनही गुळचट होत नसे. शाळेत रसायनशास्त्र न शिकलेल्या बायकांनी फळाची जात, साखर आणि दिवस यांचा मेळ चुकतमाकत, चाखत बसवला होता. त्याला मी ज्ञान म्हणतो.

त्या दशकात वर्षाचं चक्रच फळांनी ठरायचं. द्राक्ष संपेपर्यंत अननस यायचा. त्याची वाइन सगळ्यांत लवकर पिण्याजोगी होते, पण टिकण्यात कमी. मेमध्ये करवंदं. त्यांचा चीक त्रास देतो आणि वाइन निवळायला फार वेळ घेते, म्हणून ती सोशिक घरांतच व्हायची. जूनमध्ये जांभूळ, आणि माझ्या मते आमच्या भागातली खरी श्रेष्ठ वाइन जांभळाचीच. रंग इतका गडद की पेल्यातून पलीकडचं दिसू नये. बी फुटू द्यायची नाही, नाहीतर कडूपणा उतरतो. गर हाताने सोडवायचा. पालघरकडच्या बहाडोलीचं जांभूळ मिळालं तर त्या वर्षी घरात वेगळाच हुरूप असायचा. आता त्या जांभळालाही भौगोलिक मानांकन आहे. ज्या झाडांखाली आम्ही जांभळं वेचली त्यांना कसलंच मानांकन नव्हतं. नव्वदच्या आसपास वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांसाठी मोकळा होऊ लागला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने रस्त्यावर उतरून लढा दिला म्हणून जे वाचलं ते वाचलं. बांधावरची जांभळं मात्र त्या लढ्याच्या कागदांवरही नव्हती. रस्ता रुंद झाला, कुंपणाची भिंत आली, झाड गेलं.

दुसरा घाव द्राक्षाच्या बागेतून आला. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी निवडलेलं शरद सीडलेस महाराष्ट्रभर पसरलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती मोठी कामगिरी होती आणि तिचं मोल मी कमी करत नाही. बिनबियांचं, गोड, दिसायला देखणं काळं द्राक्ष. त्यापुढे निर्यातीसाठी मणी फुगवायची शर्यत लागली. जिब्रेलिक आम्लाच्या (जीए) द्रावणात घड बुडवायचे, विरळणी करायची, मणी जितका मोठा तितका भाव. पण मणी मोठा झाला की किलोमागे साल कमी भरते, आणि वाइनचा रंग सालीतच असतो. बी नाही म्हणजे तुरटपणाही गेला. आंबटपणा तर खाणाऱ्याला नकोच असतो. आईने नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी नाइलाजाने त्या द्राक्षाची वाइन केली. फिकट गुलाबी, शरबताच्या चवीची. ती तिने पाहुण्यांपुढे ठेवली नाही. तिकडे बंगळूरजवळ देवनहळ्ळीला 2008 मध्ये विमानतळ सुरू झाला, जमिनीचे भाव चढले आणि आमच्या द्राक्षाचं माहेरही आकसत गेलं.

पुढच्या वर्षांत राज्यात वाइन हा शब्द प्रतिष्ठेचा झाला. 2001 मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिकला वायनऱ्या उभ्या राहिल्या, कॅबर्ने आणि शेनिन ब्लांक ही नावं मराठी तोंडांत बसली. ते सगळं चांगलंच झालं. पण त्याच सुमारास एका चाखण्याच्या कार्यक्रमात एका तज्ज्ञाने आमच्या घरच्या वाइनचा घोट घेऊन हे खोकल्याचं औषध आहे असं सर्वांसमोर सांगितलं, आणि लोक हसले. ते हसू मी विसरलेलो नाही. फ्रेंच द्राक्षाच्या मापाने इझाबेला मोजायची असेल तर ती कायमच हरणार. आमच्या वाइनचं माप सणाच्या पंगतीत, फुग्या आणि मटणाच्या रश्श्याबरोबर घ्यायला हवं होतं.

2020 च्या टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली आणि घरोघरी वाइन करण्याचे व्हिडिओ फिरू लागले. कुठलंही द्राक्ष घ्या, म्हणत होते ते. हे ऐकून मला राग आला होता आणि आजही येतो. कुठलंही द्राक्ष चालत नाही, हीच तर आमच्या आयांच्या आयुष्याची कमाई आहे. मग जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला आणि वाइन म्हणजे दारू की नाही यावर महिनाभर राज्य पेटलं. कारखानदार बोलले, शेतकरी नेते बोलले, नशाबंदीवाले बोलले. पिढ्यानपिढ्या आपल्या सणापुरती दोन बाटल्या करणाऱ्या घरांबद्दल कुणी एक वाक्य उच्चारलं नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यापुढे ही घरं आणि हातभट्टीवाला एकच आहेत. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन वाइन स्वतःपुरती करायची मुभा आहे. दारूबंदीच्या काळातही तिथे घरच्या फळरसाला वाट ठेवली होती. इथे लपून करावं लागलं, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून प्रमाणं आणि खुणा माणसांबरोबर गेल्या.

सगळं संपलेलं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटावबा या इझाबेलाच्याच अमेरिकन गोतातल्या द्राक्षाचा ब्युटी सीडलेसशी संकर करून एआरआय-516 ही जात दिली आहे. रस, मनुका आणि लाल वाइन या तिन्हींसाठी ती चालते. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिका ही रसासाठीची जात आहे, रंगद्रव्याने भरलेली. ही फळं बाजारात पेटीने येणार नाहीत, कारण पेटीचा बाजार खाण्याच्या द्राक्षाचा आहे. म्हणून माझी विनंती रोपवाटिकावाल्यांना आहे: या जातींची आणि बेंगलोर ब्लूची दोन-चार रोपं परसात लावणाऱ्या माणसालाही विका. सरकारकडे मागणं एवढंच, की घरापुरत्या वाइनची एक मर्यादा ठरवून ती कायद्याच्या बाहेर काढा. आणि ज्यांच्या घरी अजून बरणी आहे आणि ती भरणारी आई, मावशी किंवा आजी हयात आहे, त्यांनी या आठवड्यात तिच्याजवळ बसून फळाची जात, महिना, साखरेचं प्रमाण आणि ती हाताने काय तपासते ते कागदावर उतरवून घ्यावं.